सव्वा मूठ गहू

पांडेसरा, सुरत
शुक्रवार, २७ जून २०२५

लखनभाऊ,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे जिवंत आहेत आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, आप्पांचा केलास, मायचा तर नावासकट उडवलास. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा उद्योग.

तुझा इच्छापोरचा पत्ता तुझ्या दोस्ताने, नितीनने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. तो देतच नव्हता, मी त्याच्या मोबाइलच्या दुकानासमोर स्टूल टाकून दोन तास बसले. गिऱ्हाइकं विचारायला लागली, ही कोण, तेव्हा बिचाऱ्याने बिलाच्या मागे लिहून दिला.

खरं सांगायचं तर पत्राची अक्कल माझी नाही, कॉलेजची आहे. आमच्याकडे ‘विविधता आणि ओळख’ असा कोर्स आहे, दर शनिवारी. तू हसशील, पण मी आता त्यात गटप्रमुख आहे. गेल्या वर्षी मला पूर्ण मार्क पडले, म्हणून यंदा फर्स्ट इयरच्या बारा पोरींचा गट मला दिलाय. कोण कुठून आलं, घरी कुठली भाषा बोलतं, कोणाला काय लपवावं लागतं, यावर त्यांना बोलतं करायचं. ज्योती मॅडमनी सगळ्यांना एक काम दिलंय. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला हाताने पत्र लिहायचं, घरच्या भाषेत. आतलं त्या वाचणार नाहीत. फक्त पाकिटावरचं नाव बघणार आणि पोस्टात टाकायला परत देणार.

तर मी तुझं नाव लिहिलं. अजून कोणाचं लिहू?

आप्पा बरे आहेत. त्यांची कापड रंगवायच्या जेट मशीनवर दिवसपाळी चालू आहे. अंगाला रंगाचा वास तसाच, गेल्या आठवड्यात हिरवे हात घेऊन आले आणि तसेच जेवायला बसत होते, मायने उठवलं. मायचे गुडघे दुखतात. साड्यांना स्टोन लावायचं काम तिने सोडलेलं नाही, मांडी घालून बसता येत नाही म्हणून आता पलंगावर बसून लावते.

३ ऑगस्टला आपली खानदेशातली कानबाई देवी बसणार. भाऊ, तुम्ही घर सोडून वर्ष होत आलं. मायने वहिनीला प्रसादाचा रोट दिला नाही हे चुकलंच, मी नाही म्हणत नाही. पण मायला सोडून तू किती दिवस राहशील? यंदा दोघं या. मी घरात सगळ्यांशी बोलून ठेवते. एवढं शिकून मला एक घर जमवता येत नसेल तर मार्क काय चाटायचेत?

तुझी,
हर्षदा


पांडेसरा
शनिवार, १२ जुलै २०२५

लखनभाऊ,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी पण सुकलाल आप्पांची पोरगी आहे, पोस्टाची पाकिटं एकदम दहा आणून ठेवलीत.

आज माझ्या गटाची दुसरी बैठक होती. कोणी तोंड उघडेना, म्हणून मीच सुरुवात केली. मी त्यांना अडाजणच्या श्रीमंत मैत्रिणीचा तो वाढदिवस सांगितला. तुला आठवतो ना, अकरावीतला? मैत्रिणीच्या काकीने विचारलं, ‘क्यांथी आवे छे?’ मी म्हटलं, पांडेसरा. आणि मग सगळ्या पोरींना स्टीलच्या डिशमध्ये जेवण आलं, मला एकटीला कागदाच्या. घरी आल्यावर तू मला अर्धा किलो लोचो आणून घातला होतास आणि म्हणाला होतास, त्यांची स्टीलची डिश घासायला तरी लागते, तुझी फेकून द्यायची, तूच मोठी.

मी हे सांगितलं, गुजरातीत, जिथे थांबायचं तिथे थांबत. गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं आणि पूर्ण मार्क याच्यावरच पडले होते. पोरींनी टाळ्या वाजवल्या. एक रडली.

मग मागून एक हात वर आला. अनुसया नाव तिचं. परभणीकडची, आईबाप बांधकामावर, साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. तोवर एक शब्द बोलली नव्हती. उभी राहून मराठीतच विचारते, “दीदी, तुमच्या घरी कोणाला कागदाचं ताट दिलंय का कधी?”

वाकडं काही नव्हतं तिच्या मनात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, “नाही.”

ती म्हणाली, “बरं,” आणि बसली. मी पुढचा विषय काढला. काय काढला ते मला आत्ता आठवत नाही. 

भाऊ, तुला एक सांगायचंय. आज जमणार नाही. आज फक्त एवढंच, की मी तिला नाही म्हटलं.

हर्षदा


पांडेसरा
मंगळवार, १५ जुलै २०२५

भाऊ,

तीन दिवस हे पत्र लिहून फाडतेय. आता फाडणार नाही.

गेल्या वर्षीची कानबाई तुला जशी माहीत आहे तशी ती झाली नाही. सोमवारी विसर्जनाहून आम्ही बायका पुढे आलो, तुम्ही पुरुष ढोलासोबत मागे होता. तुला वहिनी दिसली ती दारात, डोळे पुसताना. आत माय ताटाशी बसलेली. तू काय ते समजलास आणि मायवर तुटून पडलास. संध्याकाळी दोघांनी बॅग भरली.

मधलं आता ऐक.

तुमचं कोर्टात लग्न होऊन दोन महिने झाले होते. वहिनी आपल्या घरात पहिल्यांदाच सण करत होती. तिने तीन दिवस काय नाही केलं? भिंतींना चुना तिने लावला. गहू तिने निवडले. गंगाफळाची भाजी चिरताना बोट कापून घेतलं आणि कोणाला सांगितलं नाही. पण तिला रोटाचं कोणी नीट समजावलंच नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच गव्हाचे रोट करायचे, आणि ते फक्त घरच्यांनीच, भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत संपवायचे. हे आपल्याला दुधाबरोबर मिळालेलं. ती उडिया, तिला कसं ठाऊक असणार?

मायने तिला वेगळं ताट वाढलं होतं. साधी पोळी, भात, भाजी. हे मायचं चुकलं, आणि ते मी तिला तोंडावर सांगणार आहे. पण वहिनीला त्यात काही कळलं नाही. तिला वाटलं, जागा कमी म्हणून वेगळं वाढलं असेल. तिने आपलं ताट उचललं, आमच्या मोठ्या ताटाशी येऊन बसली आणि हसत हसत रोटाला हात घातला.

तिचं मनगट मी धरलं, भाऊ.

मायने नाही. माय तर तोंडात घास घेऊन तशीच राहिली होती. बहुतेक तिने खाऊही दिलं असतं, कोणी सांगावं. मी धरलं, सगळ्या बायकांसमोर, आणि हिंदीत म्हटलं, “भाभी, वो आपका नहीं है.”

का म्हटलं ते सांगते, लपवत नाही. कलाकाकू बघत होती. तिच्या नजरेत मला घरची चांगली पोर व्हायचं होतं. आणि दुसरं कारण याहून हलकं आहे. मला तिचा राग होता. पगार झाला की तू आधी माझ्यासाठी लोचो आणायचास. लग्नानंतर दोन पगार झाले, पुडी सरळ तुमच्या खोलीत गेली. एवढ्यासाठी. लिहितानाही लाज वाटते.

वहिनीने हात मागे घेतला. उठून दारात गेली. मग तू आलास, मायला नाही नाही ते बोललास, आणि मी हातात डाव घेऊन उभी होते. एक शब्द बोलले नाही. माय पण बोलली नाही.

तू एक वर्ष चुकीच्या माणसाशी अबोला धरलायस. धरायचा तर माझ्याशी धर.

हर्षदा


पांडेसरा
रविवार, २७ जुलै २०२५

भाऊ,

गुरुवारी तुझा मेसेज आला. वर्षभराने तुझं नाव स्क्रीनवर बघून मी वर्गातून उठून बाहेर आले. किती वेळा वाचला सांगत नाही. “वाचलं. सुषमाला सगळं माहीत होतं, तिने मला सांगितलं नव्हतं. माझं सोड. हात माझा धरला नव्हतास, मग पत्र मला कशाला लिहितेस?”

आधी मला राग आला. एवढं सगळं ओकले आणि हा विचारतो कशाला. दोन दिवस फणफणत होते. मग कळलं, तू बरोबर बोललास. मॅडमनी सांगितलं होतं, बोलणं तुटलंय त्याला लिहा. मी सोपा माणूस निवडला. तू रागावशील, चार शिव्या देशील आणि शेवटी माझाच भाऊ राहशील, हे मला माहीत होतं. तिचं मला काहीच माहीत नाही.

काल मी मायला विचारलं, तू तेव्हा का नाही बोललीस, की हात हर्षदाने धरला? ती स्टोन लावत होती. मान वर न करता म्हणाली, “मायवर राग धरस ते धरू दे. माय आज शे, सकाय नही. तुले भाऊ जोयजे.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. साडीचे स्टोन केसांना चिकटायचे म्हणून तिने मला ढकललं सुद्धा, पण मग राहू दिलं.

त्यानंतर मात्र मी भांडले. म्हटलं, माय, तू शिरपूरची. लग्न होऊन या घरात आलीस आणि रोट खातेस. मी या घरात जन्मले, पण उद्या लग्न झालं की मला माहेरचा रोट मिळणार नाही, ही आपली रीतच आहे. म्हणजे हक्काने बघितलं तर वहिनीचा जास्त आणि माझा कमी. मग तिला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? ती म्हणाली, “कालेजमां हाई शिकाडतस का?” मी म्हटलं, हो, हेच शिकवतात, फक्त मी घरी आणलं नव्हतं.

तिने हातातला स्टोन खाली ठेवला.

काल अनुसयालाही सांगितलं. गटासमोर, उभं राहून. म्हटलं, त्या दिवशी मी तुला नाही म्हणाले ते खोटं होतं, कागदाचं ताट मी दिलंय. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अनुसया म्हणाली, “मग आता काय करणार?” ही पोरगी कोर्स माझ्याकडून शिकतेय की मला शिकवतेय, देव जाणे.

काय करणार ते मी ठरवलंय. पुढच्या पाकिटावर तुझं नाव नसेल. आलं की तिलाच फोडू दे.

हर्षदा


पांडेसरा
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

सुषमा वहिनी,

तुला देवनागरी वाचता येतं आणि मराठी समजतं, म्हणून मराठीत लिहिते. काही अडलं तर भाऊला विचारू नकोस, मला विचार.

आधी मुद्द्याचं. गेल्या वर्षी मी तुझा हात धरला. तू काही चुकीचं केलं नव्हतंस. जे तुझंच होतं ते घेत होतीस. मी वाईट वागले आणि ते झाकण्यासाठी माय बोलणी खात राहिली. तू वर्षभर भाऊला माझं नाव सांगितलं नाहीस, का ते मला माहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. माझी चूक झाली, वहिनी. माफ कर म्हणायलाही मला तुझ्यासमोर यायला हवं, म्हणून इथं लिहून संपवत नाही.

आता यंदा काय झालं ते. शनिवारी मायने गहू काढले. मी समोर परात धरली. तिने आप्पांच्या नावाने सव्वा मूठ टाकली. दगाकाकांच्या नावाने टाकली. भाऊच्या नावाने टाकली, गेल्या वर्षीही टाकली होती, ती रडारड झाल्यावर त्याच्या वाट्याचे रोट आप्पांनी एकट्याने संपवले. मग ती पोत्याचं तोंड बांधायला लागली. मी हात आत घातला, मूठ भरली आणि म्हटलं, सुषमा वहिनीच्या नावाने.

आपल्यात बाईच्या नावाने गहू घेत नाहीत. कोणाच्याच घेत नाहीत, मायच्याही नाही. मायने माझं मनगट धरलं. अगदी तिथंच, जिथं मी तुझं धरलं होतं. मला वाटलं आता ओरडेल. तिने आपल्या हाताकडे बघितलं आणि सोडला. मी मूठ टाकली. वरचा पावभाग तिने टाकला, चिमटीने, बरोबर मापात.

सोमवारी जेवताना कलाकाकूने रोटांवर नजर फिरवली आणि विचारलं, “हाऊ कोना वाटा शे?” तिचा डोळा फार तयार आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराकडून आप्पा बोलले. आप्पा सणात कधी बोलत नाहीत, तुला ठाऊक आहे. म्हणाले, “मनी सूनना.” म्हणजे, माझ्या सुनेचा.

काकू उठली. दगाकाका तिच्या मागोमाग उठले. आपल्या वाट्याचे रोट बांधून घेतले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी आम्ही कानबाई वेगळी बसवू. पंचवीस वर्षं एकत्र बसत होती. माय रडली, खूप रडली. मला वाटलं, आता मला दोष देईल. तिने डोळे पुसले, तुझ्या नावाचे आणि भाऊच्या नावाचे रोट वेगळे काढले, फडक्यात बांधले आणि त्यावर ताट उपडं ठेवलं. आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही.

मी म्हटलं, मी कॉलेजवरून येताना इच्छापोरला देऊन येते. तर म्हणते, नाही. रोट घराबाहेर द्यायचा नसतो. मी पुन्हा भांडायच्या तयारीत होते. पण ती पदर खोचत होती. म्हणाली, देणार नाही, वाढणार. आणि सणाला वाढायचं काम घरातल्या मोठ्या बाईचं.

इथवर मी घरी लिहिलं होतं. पुढचं तुमच्या जिन्यात बसून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आहे.

भाऊ कामावर गेल्यावर माय आणि मी आलो. मुद्दाम. तो असता तर सगळं त्याच्याशीच बोलणं झालं असतं. दाराच्या फटीतून तुझ्या मिक्सरचा आवाज येतोय, म्हणजे तू घरात आहेस. तो थांबला की मी हे पत्र आत सरकवणार. तुला आमचं तोंड बघायचं नसेल तर दार उघडू नकोस. तुझा हक्क आहे आणि मी एक शब्द बोलणार नाही. आज परत जाऊ आणि उद्या येऊ. पौर्णिमा शनिवारी आहे, तोवर रोज येऊ. मला कॉलेजात खाडा पडला तरी चालेल.

मायला तीन मजले चढवले नाहीत, गुडघ्यामुळे. ती वाटेत दुसऱ्या मजल्यावर बसलीय, फडकं मांडीवर घेऊन. मघाशी तिने खालून हाक मारून विचारलं, पोरीला गंगाफळाची भाजी आवडते ना, विसरले का मी. मी म्हटलं, आणलीय. मी म्हटलं, ताटं मात्र दोनच दिसतायत पिशवीत. तर म्हणाली, एक रोटांवरचं झाकण आहे. खायचं ताट एकच आणलंय, तिघींनी त्यातच जेवायचं.

मिक्सर थांबला.

हर्षदा